लिनोच्या ठशातून नाताळची भेटकार्डे आणि सजावट

नाताळचे पहिले छापील भेटकार्ड हेन्री कोल यांनी १८४३ साली लंडनमध्ये जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतले, तेव्हा लिनोलियम, म्हणजेच ज्यावर हे ठसे कोरतात तो लिनो, अस्तित्वातही नव्हते. जवसाचे तेल हवेच्या साहाय्याने घट्ट करायचे, त्यात बुचाचा भुगा व राळ मिसळायची आणि ते मिश्रण तागाच्या कापडावर थापायचे, ही कृती फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात जमिनीवर अंथरण्यासाठी शोधली. चित्रकारांनी ती पुढे ठसे कोरण्यासाठी उचलली, कारण लाकडात असतात तसे यात तंतू नसतात आणि कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच चालते.

लिनोच्या ठशात कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो आणि न कोरलेला भाग शाई घेतो. म्हणून नक्षी आखताना पांढऱ्या कागदावर काळी रेघ काढण्याची सवय बाजूला ठेवावी आणि समोर सगळा अंधार आहे, त्यातून आपल्याला फक्त उजेड मोकळा करायचा आहे, असे मानावे. नाताळचे विषय या रीतीला फार सोयीचे आहेत: रात्रीच्या आकाशातला तारा, मेणबत्तीची ज्योत, खिडकीतला प्रकाश, सूचिपर्णी झाडावरचा बर्फ. ज्योतीसाठी चार-पाच कापही पुरतात. याउलट मेंढपाळ, तीन ज्ञानी पुरुष आणि गोठा असे भरगच्च दृश्य पहिल्याच ठशात घेऊ नये. तळहाताएवढ्या जागेत चेहरे कोरणे सरावलेल्या हातालाही जड जाते.

मापे आधी ठरवावीत. ए५ आकाराचा जाड कागद मधोमध दुमडला की ए६ आकाराचे, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड मिळते आणि ते सी६ पाकिटात बसते. त्यासाठी साधारण ८ × १२ सेंटिमीटरचा ठसा घेतल्यास चारही बाजूंना समास उरतो. नक्षी मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर काढावी, तो कागद पालथा घालून लिनोवर ठेवावा आणि मागून घासावे. अशाने चित्र लिनोवर उलटे उमटते व छापल्यावर सुलटे होते. कार्बन पेपर वापरल्यास मात्र चित्र लिनोवर सुलटेच उतरते आणि छापताना उलटते. झाडाला त्याने काही बिघडत नाही, ‘शुभ नाताळ’ला नक्कीच बिघडते. अक्षरे घ्यायचीच असतील तर ती उठावाची न ठेवता कोरून काढावीत, म्हणजे ती गडद पार्श्वभूमीवर पांढरी दिसतात. शिरोरेषा एकाच सलग कापात निघते आणि तिच्याखालचे अक्षर थोडे वेडेवाकडे झाले तरी शब्द एकसंध दिसतो. उतरवलेल्या रेषा न पुसल्या जाणाऱ्या पेनने पक्क्या कराव्यात, नाहीतर हाताच्या घर्षणाने पेन्सिल फिसकटते.

थंडीत लिनो कडक होऊन त्याच्या कडा तुटतात. तो थोडा वेळ उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला की कोरणी सहज सरकू लागते. बारीक रेषांसाठी व्ही आकाराची आणि मोठी जागा मोकळी करण्यासाठी यू आकाराची कोरणी वापरावी. कोरणी उभी न धरता कमी कोनात धरावी. फार उभी धरली तर ती आत रुतते, फार आडवी धरली तर घसरते. वळण घेताना मनगट न वळवता ठसाच फिरवावा. दुसरा हात सदैव पात्याच्या मागे असावा, पुढे कधीही नसावा. या कामातल्या बहुतेक जखमा हा नियम मोडल्याने होतात. रेषेची भिंत तळाकडे रुंदावत जाणारी ठेवावी, कारण आतून पोखरलेली बारीक रेष छापताना मोडते. तागाचे कापड दिसेपर्यंत खोल जाण्याची गरज नसते. मधूनमधून ठशावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की किती कोरले आणि किती राहिले ते शाई न लावता कळते.

शाईच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. काचेच्या तुकड्यावर थोडीशी शाई घेऊन रोलरने ती दोन्ही दिशांनी पसरावी आणि कान द्यावा: शाई जास्त असेल तर चिकट, ओला आवाज येतो, थर नीट बसला की त्याची हलकी, एकसारखी सरसर होते. तो आवाज येईपर्यंत ठशाला हात लावू नये. मग पातळ थर दोन-तीनदा द्यावा. एकाच वेळी जाड थर दिल्यास बारीक कोरीव रेषा शाईने बुजतात. कोरा लिनो शाई पितो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन प्रती फिक्या निघतात. त्या चाचणीच्या समजून साध्या कागदावर काढाव्यात.

छापण्यासाठी यंत्र लागत नाही. टेबलावर एक कागद चिकटवून त्यावर उघड्या कार्डाची आणि ठशाची बाह्यरेषा आखावी, म्हणजे प्रत्येक प्रत त्याच जागी येते. शाईची बाजू वर करून ठसा ठेवावा, कार्ड खुणेला लावून अलगद सोडावे, वर एक पातळ कागद ठेवावा आणि लाकडी चमच्याच्या फुगीर बाजूने मध्यापासून कडांकडे लहान वर्तुळांत घासावे. एक कोपरा दाबून धरून दुसरा थोडा उचलून पाहावा. ठिपके राहिले असतील तर कार्ड परत टेकवून तिथे पुन्हा घासावे. दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमहून जड, म्हणजे जाड कागदावर हाताने दाब पोहोचवणे दमवणारे असते. तेव्हा पातळ, गुळगुळीत कागदावर छापून तो कार्डावर चिकटवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पाण्यात मिसळणारी शाई काही तासांत वाळते, तेलाची शाई अनेक दिवस घेते. त्यामुळे तेलाची शाई वापरणाऱ्याने नोव्हेंबरच्या मध्यालाच कामाला लागावे. दुसरा रंग हवा असल्यास खोडरबरावर कोरलेला छोटा गोल पुरेसा आहे; वाळलेल्या हिरव्या पानांवर त्याने लाल फळे एकेक करून उमटवता येतात. चित्रकार पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या वालोरिस गावात एकच ठसा टप्प्याटप्प्याने कोरत अनेक रंग छापले, पण त्या पद्धतीत आधीच्या टप्प्यावर परतता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच भरपूर जास्तीच्या प्रती काढाव्या लागतात.

सजावटीसाठी तोच ठसा पुन्हा वापरता येतो. एकाच मापाचे सहा-आठ छापील गोल अर्धे दुमडून पाठीला पाठ चिकटवले आणि मध्ये दोरा घातला की टांगता गोळा तयार होतो. कापडासाठी मात्र कापडाचीच शाई घ्यावी आणि ती वाळल्यावर शाईच्या सूचनेनुसार इस्त्रीने पक्की करावी. सर्वांत सुंदर फळ मिळते ते हवेत वाळणाऱ्या मातीवर. माती सुमारे पाच मिलिमीटर जाडीची लाटावी, स्वच्छ पुसलेल्या, शाई नसलेल्या ठशाला टाल्कम पावडर चोळून तो मातीवर दाबावा. कोरलेल्या खाचांत माती शिरून ताऱ्याचे किरण उठावाने वर येतात. कापून घेतलेल्या आकाराला माती ओली असतानाच स्ट्रॉने भोक पाडावे आणि वाळताना तो अधूनमधून उलटावा, नाहीतर कडा वर वळतात.

तेलाची शाई खाद्यतेलाच्या फडक्याने आणि नंतर साबणाच्या पाण्याने निघते. ठसा पाण्यात बुडवून ठेवू नये, तागाचे कापड फुगते. पुसून, सपाट ठेवून वाळवावा आणि दोन कागदांमध्ये घालून उन्हापासून दूर ठेवावा.