लहान मुलांना वाक्यं बोलायला मदत कशी करावी?

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की घरोघरी प्रश्नोत्तरं सुरू होतात. हे काय? ते काय? हा कुठला रंग? मूल टकाटक उत्तरं देतं आणि सगळ्यांना कौतुक वाटतं. पण 'मांजर', 'चेंडू', 'लाल' अशी नावं कितीही गोळा केली तरी त्यांचं वाक्य होत नाही. वाक्याला क्रियापद लागतं. त्यामुळे नावांचं पाठांतर जरा बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा क्रियापदांकडे वळा.

1. मूल आत्ता काय बोलतं ते टिपून ठेवा

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्द जोडले जातात, बहुधा पन्नासेक शब्द जमा झाल्यावर. तिसऱ्या वर्षापर्यंत तीन-चार शब्दांची वाक्यं ऐकू येऊ लागतात. मुलामुलांत फरक असतोच. आठवडाभर मूल जे बोलेल ते जसंच्या तसं वहीत लिहा: 'बाबा बूट', 'पाणी सांडलं', 'अजून दे'. पुढची पायरी कोणती, हे या नोंदींवरून कळतं.

2. काम करता करता क्रिया बोलून दाखवा

झाकण उघडताना म्हणा, "झाकण उघडलं." मग "पाणी ओतते... सांडलं! आता पुसू या." उघड, लाव, ओत, पुस, ढकल, लपव, शोध हे शब्द मुलाच्या डोळ्यांसमोर घडतात, म्हणून लवकर रुजतात. वाक्यं छोटी ठेवा, पण पूर्ण आणि बरोबर बोला. बोबडं बोलून दाखवायची गरज नाही. प्रेम आवाजातून पोचतंच.

3. मुलाच्या वाक्यात एकच भर घाला

सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. मूल म्हणालं "बूट", तर तुम्ही म्हणा "बूट घालायचा?" ते म्हणालं "बाबा बूट", तर आधी त्याची नजर कुठे आहे ते पाहा. बूट नुसता दाखवत असेल तर "हो, बाबांचा बूट." बाबा बूट चढवत असतील तर "बाबा बूट घालतायत." मूल "मांजर झोपलं" म्हणू लागलं की "मांजर पलंगाखाली झोपलं."

भर एकाच गोष्टीची हवी. एका शब्दाला दहा शब्दांचं उत्तर दिलं तर त्यातलं काय उचलायचं ते मुलाला कळत नाही. आणि "आता तू म्हण बघू" असा आग्रह धरू नका. आपलं म्हणणं समोरच्याला समजलं, हाच मुलाचा आनंद असतो; त्याची परीक्षा केली की ते गप्प होतं. ऐकलेलं वाक्य ते चार दिवसांनी, चार आठवड्यांनी आपणहून वापरेल.

4. चूक न दाखवता बरोबर वाक्य परत द्या

"मी करलं" असं मूल म्हणतं तेव्हा ते आळस करत नसतं. पडलं, बसलं, फोडलं यांतला नियम त्याने स्वतः शोधून काढलेला असतो आणि तोच 'कर'ला लावलेला असतो. जीन बर्को या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1958 मध्ये मुलांना पूर्वी कधीच न ऐकलेले, बनवलेले शब्द देऊन पाहिले. मुलांनी त्यांनाही व्याकरणाचे नियम लावले. म्हणजे मूल केवळ ऐकलेलं परत म्हणत नाही, ते नियम बांधत असतं. म्हणून "करलं नाही, केलं म्हण" असं दटावू नका. "हो, तू केलंस! एकट्याने केलंस!" एवढं पुरे.

मराठीत मुलांना अडवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. 'कुत्राला दे' म्हटलं तर "हं, कुत्र्याला देऊ." 'माझा गाडी' म्हटलं तर "तुझी गाडी कुठे गेली?" 'दादा चेंडू फेकला' म्हटलं तर "दादाने फेकला? कुठे फेकला?" संभाषण पुढे जातं आणि योग्य रूपही कानावर पडतं.

5. प्रश्न बदला आणि थांबा

"हवं का?" या प्रश्नाला मान हलवली की काम भागतं. त्याऐवजी "चेंडू फेकू की लपवू?" असं विचारा, मुलाला निदान एक क्रियापद तरी वापरावं लागेल. पुढे "काय झालं?", "कोणी केलं?", आणि साधारण तीन वर्षांनंतर "का?", "कसं?"

प्रश्न विचारल्यावर मनात हळू दहापर्यंत अंक मोजा. मोठ्यांना हे फार जड जातं, पण शब्द शोधून जुळवायला मुलाला तेवढा वेळ लागतोच. मात्र बोलल्याशिवाय वस्तू द्यायचीच नाही, अशी अडवणूक कधीही करू नका. प्रयत्न केला की लगेच द्या.

6. वाक्याचा शेवट मुलासाठी सोडा

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, याचा फायदा घ्या. चित्रांचं ओळखीचं पुस्तक दाखवताना "ससा बिळात..." म्हणून थांबा. "गेला!" असं उत्तर येईल. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत असेल तर कंटाळू नका. गोष्ट पाठ असली की मुलाला सगळं लक्ष शब्दांकडे देता येतं.

7. वाक्यं जोडायला शिकवा

तीन वर्षांपुढे आणि, पण, म्हणून, कारण, आधी-मग, जर-तर यांची वेळ येते. "मोजे ओले झाले म्हणून काढले." दिवसभरातली गोष्ट अशा माणसाला सांगायला लावा जो तिथे नव्हता. ऐकणाऱ्याला काहीच माहीत नसल्यामुळे कोण, कुठे, कशामुळे हे सगळं सांगावंच लागतं.

घरात दोन भाषा असतील तर घाबरू नका, त्याने बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा. पडद्यावरच्या व्हिडिओवर मात्र विसंबू नका, तो मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

दोन वर्षं होऊनही मूल स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. "त्याचे वडीलही उशिराच बोलले होते" या समजुतीवर वेळ घालवू नका. स्पीच थेरपिस्टकडे जाण्याआधी किंवा त्याच सुमारास कान तपासून घ्या. कानात पाणी साठलं असेल तर ऐकू कमी येतं आणि बोलणं मागे पडतं. श्रवणचाचणी तान्ह्या बाळाचीही करता येते, त्यामुळे मूल अजून लहान आहे म्हणून ती पुढे ढकलायचं कारण नाही.