नवतपा लागण्याआधी इलेक्ट्रिक बाईकच्या बॅटरीची तयारी

होळी आटोपली की नागपुरात कूलर खाली उतरतात, ताट्या बदलतात, पंप चालतो की नाही ते पाहिलं जातं. इलेक्ट्रिक बाईकची तपासणी त्याच आठवड्यात उरकून घ्यावी. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारची हवाच ४५ ला टेकते. म्हणजे गाडी उन्हातून आणून लगेच चार्जिंगला लावली, तर बॅटरी सुरुवातीलाच मर्यादेपलीकडे असते. किती टक्के चार्ज करायचं यावर सगळे वाद घालतात. माझ्या मते नागपुरात त्याहून मोठा प्रश्न आहे तो चार्जिंग कधी करायचं हा.

आधी आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे ते माहितीपुस्तिकेत किंवा पॅकवरच्या लेबलवर पाहून घ्या. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर रोजच्या वापराला ८० टक्के पुरतात, महिन्यातून एखाद्या वेळी १०० पर्यंत जाऊ द्यावं. एलएफपीचा (लिथियम-आयर्न-फॉस्फेटची) स्वभाव वेगळा. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे आत किती चार्ज उरलाय याचा अंदाज बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, नीट लागत नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो. नाहीतर स्क्रीनवर १५ टक्के दिसत असताना छत्रपती चौकात गाडी ढकलायची पाळी येते. कंपनीने पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळावं. चार्जर मात्र एकमेकांचे कधीच वापरू नयेत. ७२ व्होल्टच्या एनएमसी पॅकमध्ये सहसा २० सेल ओळीने जोडलेले असतात, प्रत्येक ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून त्याचा चार्जर ८४ व्होल्टचा. दुसऱ्या पॅकचा आकडा वेगळा असतो. कनेक्टर बसला म्हणजे चार्जर चालतो असं नाही.

आता वेळेचं. संध्याकाळी बुटीबोरीहून घरी आलात की पॅकच्या आवरणाला हात लावून पाहा. गरम लागलं तर दोन-तीन तास तसंच राहू द्या. त्याहून चांगलं म्हणजे चार्जिंग पहाटेवर ढकला, कारण उन्हाळ्यात दिवसभरातला सगळ्यांत थंड वेळ तोच. हिशेब सोपा आहे. पॅक ३ किलोवॉट-तासांचा असेल आणि ३० वरून ८० टक्क्यांवर न्यायचा असेल, तर दीड युनिट भरायचं आहे. ७५० वॉटच्या चार्जरला, घट धरून, अडीच तास लागतील. आठला निघायचं असेल तर टायमर पाचचा लावा. गाडीच्या ॲपमध्ये टायमर नसेल तर १६ अँपिअरचा चांगला टायमर-सॉकेट इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. यात दुसराही फायदा आहे. भरलेली बॅटरी गरम हवेत रात्रभर नुसती उभी राहत नाही. जास्त चार्ज आणि जास्त उष्णता एकत्र आले की सेल वापरात नसतानाही म्हातारा होतो. ढोबळ मानाने दर १० अंशांना झीज दुप्पट धरतात. वादळाने रात्री वीज जाण्याची धास्ती वाटत असेल तर संध्याकाळी ४० टक्क्यांच्या खाली येऊ देऊ नका, म्हणजे सकाळी अडणार नाही.

चार्जिंगचा पॉइंट तपासायला अर्धा तास द्या, हे काम मी सगळ्यांत वर ठेवतो. चार्जर लावून अर्ध्या तासाने प्लगच्या प्लास्टिकवर बोटं ठेवा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवा आणि प्लग थंड झाल्यावर काढून पाहा. पितळेची पिन काळपट झालेली दिसेल, सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल. आतली पकड सैल झाल्याची ही खूण. सॉकेट बदला, वायर तपासून घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ज्या एक्स्टेंशन बोर्डावर कूलर चालतो त्यावर बाईक लावू नका, आणि कूलरचे तुषार उडतात त्या टप्प्यात चार्जर ठेवू नका. जुन्या वस्त्यांत जिन्याखाली गाडी लावून तिथेच चार्ज करतात, ते मला अजिबात पटत नाही. काही पेटलं तर घरातल्यांची बाहेर पडायची वाट तीच असते. बॅटरी काढून घरात आणत असाल तर फरशीवर ठेवा, गादीपासून आणि गॅस सिलिंडरपासून लांब.

रेंज वाढवून देतो म्हणून बीएमएसची मर्यादा बदलणारे किंवा जुन्या पॅकला जास्तीचे सेल जोडून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. ओळीतला सगळ्यांत कमजोर सेल पूर्ण पॅकची क्षमता ठरवतो, आणि बीएमएस त्याचीच राखण करत असतो. खरं ट्यूनिंग टायरपासून सुरू होतं. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. मागचं चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक घासत असेल तर आवाजातच कळतं. चेन असेल तर साफ करून ताण बघा. गावात इको मोड आणि रीजन (वेग कमी होताना मोटरकडून बॅटरीत परत जाणारी वीज) जास्त ठेवा. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना रीजन जवळपास लागत नाही, तेव्हा पहिल्या काही किलोमीटरवर ब्रेकवर भिस्त ठेवा.

वर्धा रोडवर वेग वाढला की रेंज कशी पडते ते स्वतः मोजा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गावात किलोमीटरला ३० वॉट-तास लागत असतील तर ३ युनिटच्या पॅकवर कागदावर १०० किलोमीटर होतात. सलग ७५-८० च्या वेगाने हाच हिशेब कोलमडतो. रामटेक साधारण ५० किलोमीटर, शेवटी गडाचा चढ, आणि परतीचं अंतर. म्हणून त्या दिवशी १०० टक्के भरा, पण चार्जिंग निघायच्या थोडंसं आधी संपेल असं बसवा. चार्जर सोबत घ्या आणि तिथे कुठे लावता येईल ते आदल्या दिवशीच फोन करून ठरवा.

उन्हात उभी करणं टाळा. पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाखालची जागा बरी.

पाऊस सुरू व्हायच्या आत चार्जिंग पोर्टचं झाकण आणि रबर बघून घ्या. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा कितीतरी घरांत पाणी शिरलं. पॅक पाण्यात बुडाला असेल तर सुकला असं समजून चार्ज करू नका. आत शिरलेला ओलावा काही दिवसांनीही शॉर्ट करू शकतो. गाडी घरापासून दूर, मोकळ्यात उभी करा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. पॅक फुगला, सुरसुर आवाज आला किंवा थिनरसारखा वास आला तरीही हेच करा.

सुट्टीत गावाला जाताना बॅटरी ५०-६० टक्क्यांवर सोडा, लांब राहणार असाल तर महिन्यातून एकदा कुणाला तरी पाहायला सांगा. जुनी बाईक घेत असाल तर बनावटीची तारीख विचारा. बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ चे सुधारित नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, त्यानंतरची गाडी मी आधी पाहीन. थकलेला पॅक भंगारवाल्याला विकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, शोरूममध्ये तसं स्पष्ट सांगा आणि जमा केल्याची पावती घ्या.