पेशंटच्या नावाऐवजी ????? यायचं, ते असं सुटलं

नाव मराठीत टाकलं की आमच्या लॅबच्या रिपोर्टवर नुसती प्रश्नचिन्हं यायची. दोन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या, तो बिचारा ठीकच होता. मग एचएल७ चा (हॉस्पिटल-लॅबची सॉफ्टवेअर ज्या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांना माहिती पाठवतात, तिचा) कच्चा मेसेज नोटपॅडमध्ये उघडला तर पहिल्याच एमएसएच म्हणजे हेडरच्या ओळीत १८ वं फील्ड रिकामं, तिथे कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, सांगायचा असतो आणि नाही सांगितला की समोरचं सॉफ्टवेअर आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं, धरून चालतं, त्यात देवनागरी कुठून येणार! तिथे 'युनिकोड यूटीएफ-८' (यात देवनागरीही बसते) टाकलं, तरी तेच. कारण मधल्या इंटरफेस इंजिनचं (मेसेज इकडून तिकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) एन्कोडिंग वेगळं सेट करावं लागतं, तेही बदललं आणि एकदाची 'ज्ञानेश्वर' अशी नीट अक्षरं आली. जुनी नावं मात्र गेलीच, ते मेसेज परत पाठवायला लागले.