धंद्याचं जीमेल कुणाच्या नंबरवर आहे? ऑनलाइन खाती आणि डेटा कसा सांभाळावा

नाशिकमधल्या अंबडच्या एका गाळ्यातून मागे मला बोलावणं आलं. जॉबवर्क करणारं छोटं युनिट, माणसं नऊ. मालकांचा फोन बदलला होता आणि कंपनीचं जीमेल उघडेना. पासवर्ड विसरला म्हणून गूगल ज्या नंबरवर कोड पाठवत होतं, तो नंबर सहा वर्षांपूर्वी खातं उघडून देणाऱ्या कॉम्प्युटर ऑपरेटरचा. मुलगा पुण्याला गेला, सिम बंद पडलं. ग्राहकांची ड्रॉइंग, कोटेशन, बिलं सगळं त्याच खात्यात. हॅकिंग वगैरे काही झालं नव्हतं, तरी तीन आठवडे काम अडलं. रोज ज्यावर हे खातं वापरलं जायचं त्या जुन्या लॅपटॉपवरून, गाळ्यातल्याच इंटरनेटवरून विनंती केली, तेव्हा कुठे गूगलने ओळख पटवून घेतली.

तेव्हापासून सातपूरला जावो की रविवार कारंजाला, अँटिव्हायरसची चौकशी मी नंतर करतो. आधी विचारतो, खातं कुणाच्या नंबरवर आहे?

सुरुवात वहीपासून

एक कोरं पान घ्या. धंद्याचं जे जे ऑनलाइन आहे ते लिहा: जीमेल, ड्राइव्ह, जीएसटी, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, वेबसाइटचं डोमेन. प्रत्येकासमोर तीन गोष्टी हव्यात: कोणता मेल, कोणता मोबाईल आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. पासवर्ड मात्र इथे लिहू नका. बहुतेकांचं हे पान भरताना दोन-तीन ठिकाणी पेन थांबतं. तिथूनच काम सुरू करायचं.

खातं स्वतःच्या हातात घ्या

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, ते मालकाच्या किंवा फर्मच्या नावावर असू द्या आणि रिचार्ज चुकवू नका. नव्वद दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड सिम बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. मग गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन रिकव्हरीचा फोन आणि मेल बदला. भाचा, ऑपरेटर, सीएच्या ऑफिसातला मुलगा, यांच्यापैकी कुणाचा नंबर तिथे असेल तर आजच काढा. त्यांच्यावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. त्यांची नोकरी, नंबर, गाव काहीही बदलू शकतं, एवढंच. पैसे भरून घेतलेली ऑफिसची मेल सेवा असेल तर अ‍ॅडमिन दोन ठेवा, दोघेही घरचे किंवा भागीदार.

दुसरं कुलूप

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, सुरू करा. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर तो त्याच्या हातात जातो. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्याहून चांगलं आणि पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी किल्ली, सगळ्यांत चांगली, कारण हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर ती चालतच नाही. गूगल दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून तिजोरीत ठेवा. फोन गोदावरीत पडला तरी या कागदावर खातं उघडेल.

ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून हे दुसरं कुलूप सगळ्याच करदात्यांना सक्तीचं आहे. तिथला कोड एसएमएसवर येतो, तसाच ‘संदेस’ आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ या अ‍ॅपवरही मिळतो. मालकाचा ओटीपी दिवसभर फोनवरून सांगत बसू नका. या पोर्टलवर सब-युजर करता येतो. बिलं काढणाऱ्याला त्याचं स्वतःचं लॉगिन द्या, म्हणजे कुणी काय केलं तेही कळतं आणि तो सोडून गेला की तेवढंच बंद करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर अजून जोडलेला असेल तर लॉगआउट करा.

मेलमध्ये लपलेला चोर

हे निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदारांनी नीट वाचावं. भामटा मेलमध्ये शिरला की लगेच काही करत नाही. तो येणाऱ्या मेलची प्रत गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो आणि वाचत राहतो. कंटेनर निघाला, इन्व्हॉइस गेलं, की रॉटरडॅमच्या खरेदीदाराला तुमच्याच भाषेत, तुमच्याच सहीनिशी मेल जातो: आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे इथे पाठवा. हंगामभराची मेहनत अशी एका मेलवर जाते, आणि शेतकऱ्याचे पैसे तर तुम्हालाच द्यायचे असतात.

कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्ज उघडा. ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ दोन्ही पानं बघा. अनोळखी पत्ता किंवा तुम्ही न लावलेला नियम दिसला तर काढून टाका. पासवर्ड बदलल्याने हे नियम आपोआप जात नाहीत, म्हणून स्वतः बघणं भाग आहे. आणि खरेदीदाराशी आधीच ठरवा: बँक खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही.

लिंक आणि आधारच्या प्रती

ड्राइव्हवरच्या फाइलला ‘लिंक असलेली कोणतीही व्यक्ती’ असं ठेवलं की ती लिंक जिथे पोचेल तिथे फाइल उघडते. दरपत्रक, पगारपत्रक, ग्राहकाचं ड्रॉइंग नाव घालूनच शेअर करा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत, त्र्यंबकला अनेकांनी घरच्या खोल्या भाड्याने द्यायची तयारी चालवली आहे. पाहुण्यांच्या आधारचे फोटो कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार मागा, एकाच बंद फोल्डरमध्ये ठेवा आणि गरज संपली की पुसा. परक्या माणसाने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती.

बॅकअप

ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे, हा समज मला फार वेळा भेटतो. सिंक, म्हणजे कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह आपोआप सारखं ठेवणं, चालू असेल तर कॉम्प्युटरवर पुसलेली फाइल ड्राइव्हवरूनही जाते. ट्रॅशमध्ये ती तीस दिवस राहते, मग कायमची संपते. व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या तर त्याही तशाच वर चढतात. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात.

म्हणून टॅलीचा आणि महत्त्वाच्या फोल्डरचा बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क लगेच काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही जातो. डिस्क दुकानात नको, घरी न्या. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत आलं होतं. गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की माल वर चढवायची धावपळ होते, तेव्हा टेबलाखालच्या सीपीयूची आठवण कुणाला राहणार? महिन्यातून एकदा त्या डिस्कवरचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

घात झालाच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, फॉरवर्डिंग तपासा. आलेले मेल पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीला तेच लागतात. ग्राहकांना स्वतः फोन करून सांगा, लाजू नका. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. १९३० आणि बँकेचा नंबर मोबाईलमध्ये असतीलच, पण त्या वेळी मोबाईलच बंद असू शकतो, म्हणून सुरुवातीला सांगितलेल्या वहीच्या पानावर वरच्या ओळीत लिहून ठेवा.