डिशवॉशरचा ओव्हरफ्लो एरर: आधी तळाचा ट्रे बघा

मशीन बंद केलं तरी ड्रेन पंप घरघरत राहतो? मग पाणी बहुधा टबात नाही, तळाच्या ट्रेमध्ये साचलंय. तिथला थर्माकोलचा फ्लोट (तरंगणारा तुकडा) वर तरंगला की मायक्रोस्विच, म्हणजे छोटा स्विच, दाबला जातो; मग मशीन एरर दाखवतं आणि पंप चालूच ठेवतं. मी नळ बंद केला, प्लग काढला, पुढची खालची पट्टी उघडून स्पंजने पाणी टिपलं. मशीन कलवू नका, पाणी वायरिंगवर जातं.

एरर गेला, पण गळती तशीच! प्रत्येक सांध्याखाली टिश्यू ठेवून, मशीनला हात न लावता छोटी सायकल चालवली. पंपाच्या होजचा क्लॅम्प ढिला होता. त्याच्याभोवती क्षारांचा पांढरा ओघळही सुकलेला. प्लग काढून क्लॅम्प बदलला. सांधे कोरडे असतील तर भांडी घासायच्या साबणाचा फेस तपासा, तोही दारातून ट्रेमध्ये उतरतो.