मृगाआधी जमीन झाकायची तयारी

पहिलं काम फोन करण्याचं, आणि तेही जानेवारीत. सासवड-जेजुरीकडच्या अंजीर-सीताफळवाल्यांना आच्छादनाला, म्हणजे जमीन झाकायला, पाचट (उसाची वाळलेली पानं) हवं असतं, ते निघतं दौंड, बारामती, इंदापूरकडच्या उसाच्या फडात. तिथे ऊसतोड टोळी फडाबाहेर पडली की लगेच काडी लागते. मार्चमध्ये ट्रॉली घेऊन गेलात तर काळी राख बघून परत यायचं. म्हणून ज्याचा ऊस तुटायचा आहे त्याला आधीच सांगून ठेवा, पेटवू नका, मी नेतो. पण तो खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांवर फुटणारा ऊस, ठेवणार आहे का हे आधी विचारा. ठेवणार असेल तर त्याचं पाचट मागू नका. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असतं, ते त्याच्या सरीत राहिलं तर त्याच्याच उसाला मिळेल. एकाचं रान उघडं करून दुसऱ्याचं झाकण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. जो खोडवा मोडून पीक बदलणार आहे किंवा काही केलं तरी पेटवणारच आहे, त्याच्याकडून आणावं.

तुमचाच ऊस असेल तर तयारी वेगळी. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. ते सरीत दाबून घ्यायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं. एकराला हिशेब ३२, ४० आणि ४ किलोंचा. युरिया पाहून सेंद्रियवाले नाकं मुरडतात. त्यांनी शेणस्लरी वापरावी, पण नत्राचा काहीतरी पुरवठा हवाच. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, आणि वरून मिळालं नाही तर ते जमिनीतलं घेतात. मग महिनाभर खोडवा पिवळा दिसतो आणि दोष पाचटाला लागतो. संवर्धक तोड व्हायच्या आधीच आणून सावलीत ठेवा. पाचट पसरल्यावर खत वरून फेकता येत नाही, ते पहारीनं बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोकं घेऊन द्यावं लागतं. तेव्हा पहार घरात आहे का, आणि ती चालवायला माणसं मिळणार आहेत का, हेही आत्ताच बघा.

किती माल लागेल याचा हिशेब बहुतेक जण डोळ्यांनी करतात आणि निम्म्यातच अडकतात. ढोबळ अंदाज असा की एक एकर उसाचं पाचट एक एकर जमीन बऱ्यापैकी झाकतं. फळबागेत मात्र पूर्ण रान झाकायची गरज नसते. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर असेल तर एकरात १६० झाडं बसतात. प्रत्येक झाडाभोवती सव्वा मीटर त्रिज्येचं आळं धरलं तर एकूण क्षेत्र आठ गुंठ्यांच्या आत येतं. म्हणजे एका एकराच्या पाचटात त्याच जाडीनं पाच एकर बागेतली आळी झाकली जातात, दुप्पट जाडी केली तर अडीच एकर. मी दुप्पट जाडीच्या बाजूचा आहे. पातळ थरातून गवत वर येतंच, आणि तोवर निम्मं पाचट वाऱ्यानं कुंपणाला जाऊन लागलेलं असतं. चार बोटं दाबलेला थर हवा. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी सोडायची. पुरंदरच्या मुरमाड रानात वाळवी भरपूर, खोडाला पाचट टेकलं की ती सालीवर चढते.

पाचट मिळालं नाही तर गव्हाचं किंवा सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा, तुरीच्या काटक्या, काहीही चालतं. ज्वारीचा कडबा नको. कडब्याचे भाव बघता तो जनावरांच्या पुढ्यातून उचलून झाडाखाली घालणाऱ्याला घरात कोणी जेवायला वाढणार नाही. पुणे शहराजवळ ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. फेब्रुवारी ते एप्रिल शहरातल्या सोसायट्यांमध्ये पानगळीचे ढीग पडतात, आणि बरेच जण ते गुपचूप पेटवून देतात. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलून पोती भरून ठेवायला सांगा, टेम्पो आठवड्यातून एकदा पाठवा. पोतं रिकामं करताना हात घालून बघा. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, काचा हमखास निघतात.

गाजरगवताचंही आच्छादन होतं, पण फुलावर यायच्या आधी कापलेलं असेल तरच. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, तेव्हा ते संपवायची थोडी जबाबदारी आपल्यावर आहेच. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कापा, अनेकांच्या अंगावर पुरळ येतं. हरळी आणि लव्हाळा ही चिवट तणं आच्छादनात आणूच नका. लव्हाळा आच्छादनाखाली दबतो अशा समजुतीत राहू नका, तो प्लॅस्टिकच्या कागदालाही भोक पाडून वर येतो. लव्हाळ्याचं रान असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वेचून काढणं हीच खरी पूर्वतयारी.

एप्रिल-मेमध्ये माती तपासून घ्या. पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा. त्याच्या कडेची माती एकत्र करून, चार भाग पाडत समोरासमोरचे दोन काढून टाकत, अर्धा किलो उरेपर्यंत कमी करायची. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळायची. नमुना पुण्यातल्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात देता येतो. अहवालात तीन आकडे बघा: सेंद्रिय कर्ब, सामू (पीएच) आणि क्षारता. कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर कमी. एका हंगामात तो आकडा हलेल ही अपेक्षा ठेवू नका. आधी बदलतं ते पाणी मुरणं, आणि त्याची चाचणी घरीच होते. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटं ठोका, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा करा. वाफ्याचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवलात तर तुलना आणखी चांगली होते.

आता हिरवळीच्या पिकांकडे, म्हणजे हिरवी असतानाच खत म्हणून जमिनीत गाडायच्या पिकांकडे वळू. यातच सगळ्यात जास्त गफलत होते. पुणे जिल्हा म्हणजे एक हवामान नव्हे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर शिरूर, बारामती, इंदापुरात पाचशेच्या आसपास. पाणी असलेल्या रानात ताग पेरून गाडा असं सांगणं सोपं आहे. जिरायत रानात तागाला लागणारं पाणी रब्बी ज्वारीच्या ओलीतून जातं. माझं मत असं की विहिरीचं पाणी नसलेल्या हलक्या रानात पूर्ण क्षेत्रावर ताग करू नये. तिथे मूग किंवा उडीद घ्यावा, शेंगा तोडून पाला-काड रानातच पसरावा, म्हणजे डाळही घरात येते. मध्यम ते भारी जमिनीत, जिथे सप्टेंबरचा पाऊस सहसा दगा देत नाही, तिथे ताग जरूर करावा, पण तारखा पाळूनच.

तारखा मी नक्षत्रांवर धरतो. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसावर पेरणी, म्हणजे १० जूनच्या आसपास. ४५ ते ५० दिवसांनी पीक फुलोऱ्यात येऊ लागतं, तेव्हा पुष्य संपून आश्लेषा सुरू व्हायच्या बेतात असतं. हाच गाडायचा मुहूर्त. ‘अजून थोडं वाढू दे, जास्त पाला मिळेल’ हा मोह टाळावा, कारण त्या चार-आठ दिवसांत ताग दोरखंडासारखा चिवट होतो. मग तो नांगराच्या फाळात गुंडाळतो, कुजायला वेळ घेतो आणि पाचटासारखाच जमिनीतलं नत्र बांधून ठेवतो. वेळेवर गाडलेला ताग हेक्टरी १५ ते २५ टन हिरवा पाला देतो. गाडल्यानंतर सप्टेंबरच्या मध्यावर, उत्तरा नक्षत्रात ज्वारीची पेरणी येईपर्यंत कुजायला दीड महिना मिळतो, आणि मधला पाऊस ओल भरून काढतो. भाजीपाला लावायचा असेल तर किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

बियाणं मेच्या पहिल्या आठवड्यात घरात पाहिजे. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात सोयाबीनची गर्दी असते, तागाचं पोतं विचारलं तर दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात बघा’ म्हणतो आणि तो आठवडा काही उजाडत नाही. ताग एकरी २० ते २५ किलो, धैंचा १६ ते २० किलो. धैंचा कुठे, तर पाणी साचणाऱ्या आणि चोपण-खारवट रानात. तिथे ताग टिकत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या खाली आले तर बियाणं वाढवा किंवा बदला. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत सुकवायचं. तागाला चवळी गटाचं रायझोबियम चालतं. पाकिटावरची तारीख वाचा, आणि ते उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

फळबागेत दोन ओळींच्या मधल्या पट्ट्याला ताग नको, उंची नडते. तिथे चवळी, मटकी, हुलगा. मटकी आणि हुलगा आपल्या दुष्काळी पट्ट्यातली जुनी पिकं. जमिनीवर पसरतात, कमी पाण्यात तग धरतात आणि शेंगा ठेवल्या तर उसळीची सोय होते. पेरायला पाभर मिळाली नाही तर हातानं फोकून वरून फांद्या ओढल्या तरी चालतं.

मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याच्या भातवाल्यांनी बांधावर गिरिपुष्प लावून टाकावं. तीन-चार फुटांचे खुंट पहिल्या पावसात टोचले की जगतात. दुसऱ्या वर्षापासून पाला कापता येतो. चारसूत्री भातपद्धतीत चिखलणीच्या वेळी हेक्टरी तीन टन गिरिपुष्पाचा पाला गाडायला सांगितला आहे, म्हणजे गुंठ्याला ३० किलो. एवढा पाला द्यायला किती झाडं लागतील हे आपल्या बांधावरच एकदा छाटून तोलून बघा, पुस्तकातला आकडा इथे उपयोगाचा नाही.

ट्रॅक्टरवाल्याशी जुलैअखेरची तारीख ठरवून घ्या. ताग गाडायला आधी त्यावर फळी किंवा रोलर फिरवून तो आडवा करावा, मग नांगर किंवा रोटाव्हेटर. जमिनीत ओल असली पाहिजे, पण चाकं रुतण्याइतकी नको. आठ दिवस झड लागली तर ट्रॅक्टर रानात उतरत नाही, म्हणून पर्याय म्हणून कोयत्यानं कापून तिथेच पसरणारी दोन माणसं आधीच सांगून ठेवावीत. कापून पसरलेल्या तागातलं थोडं नत्र हवेत जातं, पण जमीन झाकली जाते आणि हंगाम वाया जात नाही.

आच्छादनाखाली येणाऱ्या पाहुण्यांचीही तयारी लागते. पावसाळ्यात शंखी गोगलगायींना असा ओला आडोसा फार आवडतो. आधीच्या वर्षी त्या दिसल्या असतील तर रोपं लहान असताना आच्छादन टाकूच नका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात टाका, सकाळी त्याखालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवा. आणि पाचट हलवताना हातानं नाही, दाताळ्यानं हलवा, पायात गमबूट घाला. आपल्या माळरानावर फुरसं हा विषारी साप असतो आणि त्याचा रंग वाळक्या पाचटात मिसळून जातो.

प्लॅस्टिक मल्चिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यानं ओल टिकते आणि तण थांबतं, पण मातीच्या पोटात काही जात नाही. जुन्नर-नारायणगावकडचे टोमॅटोवाले चंदेरी-काळा कागद वापरतात, पैशाचं पीक असल्यानं त्यांना परवडतं. वापरायचाच असेल तर २५-३० मायक्रॉनचा घ्या. त्याहून पातळ कागद हंगामाअखेरीस ओढताना फाटतो आणि त्याचे तुकडे वर्षानुवर्षं नांगरटीत वर येत राहतात. काढलेला कागद कुठे द्यायचा हे अंथरण्याआधीच ठरवा.

शेवटी जिरायत ज्वारी. तिथे वरून टाकायला काहीच नसेल तर मातीचंच आच्छादन करतात. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं आणि आठव्यात दातेरी. शेवटच्या कोळपणीत भेगा बुजतात आणि खालची ओल उडायची थांबते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात, ते याच कोळपण्यांच्या हिशेबावर. दातेरी कोळपं आता वाडीवस्तीवर एखाद्याच घरी सापडतं, आणि सापडलं तरी त्याचे दोन-तीन दात गळालेले असतात. दसऱ्याच्या आधी लोहाराकडे टाकलं तर दिवाळीपर्यंत मिळतं, आणि दिवाळीनंतर लगेचच त्याची गरज लागते.