नॉर्वेजियन साहित्याची राष्ट्रीय ग्रंथसूची : या चुका टाळा

हेन्रिक इब्सेनचे 'एत दुक्केयेम', म्हणजे आपल्याकडे 'अ डॉल्स हाउस' म्हणून ओळखले जाणारे नाटक, ४ डिसेंबर १८७९ रोजी प्रसिद्ध झाले ते कोपनहेगनमध्ये. प्रकाशक डॅनिश, शहर डेन्मार्कचे, पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची. 'नॉर्वेत छापलेली पुस्तके' एवढाच निकष लावून सूची केली, तर नॉर्वेचे सर्वांत गाजलेले नाटक तिच्यात सापडणारच नाही. निकष बदलून 'नॉर्वेजियन भाषेतील पुस्तके' घेतली, तर सामी या तिथल्या आदिवासी समाजाच्या भाषेत लिहिणारे नॉर्वेजियन लेखक बाहेर पडतात.

राष्ट्रीय ग्रंथसूची, म्हणजे एका देशाच्या पुस्तकांची यादी, करण्याच्या कामातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. पुस्तकावर काय छापले आहे आणि आपण त्याबद्दल काय ठरवले आहे, या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या जातात. त्या वेगळ्या ठेवल्या की निम्मे घोळ होतच नाहीत.

'नॉर्वेजियन' हा एकच रकाना ठेवणे

आपल्याला शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीची सवय असते. तिथे सीमा भाषेची आहे. राष्ट्रीय ग्रंथसूचीची सीमा मुळात देशाची असते, आणि नॉर्वेच्या बाबतीत देशच अनेकदा बदलला. १८१४ पर्यंत तो डेन्मार्कच्या राजाखाली होता. त्या काळातल्या लेखकांवर दोन्ही देश हक्क सांगतात. लुद्विग होल्बर्ग १६८४ मध्ये बर्गनला जन्मला, पण त्याने लिहिले आणि छापले ते कोपनहेगनमध्ये.

म्हणून पहिल्याच दिवशी चार वेगळे रकाने करा : प्रकाशनाचा देश, मजकुराची भाषा, लेखकाचा नॉर्वेशी संबंध, आणि पुस्तकाचा विषय. नोंद सूचीत का घेतली, हे या चारांपैकी निदान एका रकान्यातून दिसले पाहिजे. परदेशात निघालेल्या, पण नॉर्वेजियन लेखकाच्या किंवा नॉर्वेविषयीच्या पुस्तकांसाठी तिथल्या सूचीकारांकडे 'नॉर्वेजिका एक्स्ट्रानेआ' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. ती वापरा, अशी पुस्तके मुख्य यादीत गुपचूप मिसळू नका.

सीमेवरची उदाहरणे आधीच सोडवून ठेवावीत. योहान तुरी हा सामी लेखक १८५४ मध्ये नॉर्वेतल्या काउतोकेइनोला जन्मला, लहानपणीच कुटुंबासह स्वीडनमध्ये गेला, आणि त्याचे पुस्तक १९१० मध्ये कोपनहेगनला सामी व डॅनिश अशा दोन भाषांत निघाले. ते घ्यायचे की नाही? दोन्ही उत्तरे चालतील, पण नियम लेखी हवा. तो तोंडी राहिला तर सहा महिन्यांनी दुसरा सूचीकार उलटा निर्णय घेतो, आणि सूचीत एकाच प्रकारची पुस्तके अर्धी आत, अर्धी बाहेर राहतात.

शहराचे नाव 'दुरुस्त' करणे

हा मोह फार होतो. राजधानीचे नाव १६२४ पासून क्रिस्टियानिया. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरंभीच्या 'सी-एच'ऐवजी 'के' रूढ होत गेले. आणि १ जानेवारी १९२५ पासून ओस्लो. ट्रॉन्हेम हे शहर १९३० मध्ये अधिकृतरीत्या निदारोस झाले आणि १९३१ मध्ये परत ट्रॉन्हेम. सगळीकडे 'ओस्लो' भरून टाकले तर यादी नीटनेटकी दिसते, पण आवृत्त्या ओळखण्याची खूण पुसली जाते.

एक जोडी जवळून पाहा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओ. ए. रोल्वागच्या कादंबरीचा पहिला खंड आश्चेहोग या प्रकाशनाने १९२४ मध्ये काढला, दुसरा १९२५ मध्ये. प्रकाशक तोच, शहर तेच. पहिल्यावर क्रिस्टियानिया, दुसऱ्यावर ओस्लो. कुणी १९२४ च्या खंडावर 'ओस्लो' लिहिले, तर पुढचा वाचक ती नंतरची छपाई समजेल. मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय साच्यात काम करत असाल तर २६४ या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, शीर्षकपानावर आहे तेच लिहा (पुढचे तीन अंकी फील्ड-क्रमांकही याच साच्यातले). आजचे नाव ७५२ मध्ये द्या, म्हणजे शोधही लागतो.

प्रकाशकाच्या नावाचेही तसेच. 'गिल्डेनडाल' दिसले की संगणक आपोआप 'गिल्डेनडाल नॉर्स्क फोरलाग' सुचवतो. ही नॉर्वेजियन संस्था १९२५ ची आहे. त्याआधीचे गिल्डेनडाल म्हणजे कोपनहेगनचे प्रकाशनगृह, शीर्षकपानावर क्रिस्टियानियाचे नाव सोबत असले तरी. १९२५ पूर्वीच्या नोंदींत आपोआप भरण्याची सोय बंद ठेवा.

शीर्षक आजच्या शुद्धलेखनात लिहिणे

नॉर्वेजियन लेखनाचे नियम १९०७, १९१७, १९३८, १९८१ आणि २००५ मध्ये बदलले. इब्सेनच्या 'रानबदक' या अर्थाच्या १८८४ च्या नाटकाच्या शीर्षकात 'एल'नंतर 'डी' होता, आज दोन 'एल' लिहितात. १८७७ च्या 'समाजाचे आधारस्तंभ' या अर्थाच्या शीर्षकात 'एन-डी'च्या जागी आता दोन 'एन' आहेत. २४५ मध्ये जुने रूप अक्षरश: उतरवा. कृतीचे एक ठरलेले रूप २४० मध्ये, आणि वाचक शोधतील अशी इतर रूपे २४६ मध्ये. हे न केल्यास एकाच नाटकाच्या आवृत्त्या यादीत तीन ठिकाणी विखुरतात.

भाषा ओळखण्याचे काम यंत्रावर सोडणे

नॉर्वेजियनची दोन अधिकृत लिखित रूपे आहेत, बूकमोल आणि नीनॉर्स्क. ही नावे १९२९ ची. त्याआधी रिक्समोल आणि लान्समोल. मार्कमध्ये त्यांचे कोड वेगळे : एन-ओ-बी आणि एन-एन-ओ. दोन्हींसाठी एकत्र कोड एन-ओ-आर. सगळ्या पुस्तकांना एन-ओ-आर लावणे सोपे, पण मग 'नीनॉर्स्कमधल्या कादंबऱ्या दाखवा' या साध्या मागणीला सूची उत्तर देऊ शकत नाही. योन फोस्सेला २०२३ चे नोबेल मिळाले, तो नीनॉर्स्कमध्ये लिहितो. त्याच्या भाषेची नोंद चुकवणे बरे दिसत नाही.

ओळखायला भाषेचे पदवीधर असण्याची गरज नाही. मजकुराची दोन पाने उघडा. 'मी' साठी 'याय' आहे की 'एग'? 'नाही' साठी 'इक्के' आहे की शेवटी 'के-जे-ई' असलेले रूप? 'काय' हा शब्द 'एच-व्ही'ने सुरू होतो की 'के-व्ही'ने? तिन्ही खुणा एकाच बाजूला झुकल्या की कोड निश्चित. नुसत्या शीर्षकावरून ठरवू नका, त्यात दोन्हींत सारखेच शब्द असू शकतात. प्रकाशकावरूनही नको.

खरी अडचण १९०७ पूर्वीच्या पुस्तकांची. त्यांचे लेखन डॅनिशच्या इतके जवळ आहे की भाषा ओळखणारी साधने इब्सेनला बेधडक डॅनिश ठरवतात. आमचे मत : नॉर्वेजियन लेखकांच्या त्या काळातल्या पुस्तकांना एन-ओ-आर द्यावा. बूकमोल हे नावच तेव्हा नव्हते, आणि डॅनिश म्हणणे म्हणजे साहित्य शेजाऱ्याच्या खात्यात टाकणे. सामीच्या बाबतीत उत्तर, लुले आणि दक्षिण सामी असे वेगळे कोड आहेत. उत्तर सामीचे आजचे लेखन १९७९ पासूनचे, त्यामुळे जुन्या शीर्षकांची अक्षरे आजच्या कोशात सापडली नाहीत तर ती चूक समजून बदलू नका.

टोपणनाव आणि निनावी पुस्तके

इब्सेनचे पहिले नाटक 'कातिलिना' १८५० मध्ये ब्रिन्योल्फ ब्यार्मे या नावाने आले. कामिला कोलेटची कादंबरी १८५४-५५ मध्ये दोन भागांत निघाली, लेखिकेच्या नावाविना. नूट हामसुनचे १८७७ चे पहिले पुस्तक 'क्नु. पेडेर्सेन' या नावाने, तर पुढच्या वर्षीचे 'क्नुड पेडेर्सेन हाम्सुंड' या नावाने. रोल्वागने १९१२ मध्ये मिनिआपोलिसला पॉल म्योर्क म्हणून पुस्तक काढले. पुस्तकावरचे नाव २४५ च्या 'सी' उपफील्डमध्ये जसेच्या तसे. निनावी असेल तर ते रिकामे सोडा. लेखक कोण, हे १०० मध्ये. शोध कुठे लागला, ते टिपेत. याल्मार पेट्टर्सेनचा निनावी व टोपणनावांचा कोश १८९० मध्ये निघाला, १६७८ ते १८९० या काळासाठी तो हाताशी हवा.

ग्रंथालयात नाही म्हणजे छापलेच नाही, असे मानणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती दिसत नाही. नॉर्वेत छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयात जमा करण्याची सक्ती १८१५ मध्ये आली, १८३९ मध्ये संपली आणि १८८२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली त्रेचाळीस वर्षे कायद्याचे जाळे नव्हते. 'कातिलिना' आणि कोलेटची कादंबरी याच पोकळीत येतात. या काळासाठी संग्रहाची यादी पुरेशी नाही. मार्टिन निस्सेनची १८१४–१८४७ ची सूची (१८४८ मध्ये प्रसिद्ध), पुढे बोटेन-हान्सेन व पेटरसेन यांची १८४८–१८६५ ची (१८७०), आणि हाल्वोर्सेनचा १८१४–१८८० चा सहा खंडी लेखककोश एकमेकांशी ताडून पाहा. १६४३ मध्ये क्रिस्टियानियात पहिला छापखाना आला. तिथपासून १८१३ पर्यंतसाठी पेट्टर्सेनच्या 'बिब्लिओथेका नोर्वेजिका'चा पहिला खंड आहे. जुन्या सूचीत आहे पण प्रत कुठेच मिळत नाही, अशी पुस्तके वगळू नका. 'प्रत पाहिलेली नाही' अशी खूण करून ठेवा.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहाचेही तसेच. हक्क संपलेली पुस्तके भारतातून उघडतात. हक्कातली पुस्तके बहुतांशी नॉर्वेतल्या इंटरनेट पत्त्यांपुरती मर्यादित असतात. सिग्रिड उन्सेट १९४९ मध्ये वारली, त्यामुळे तिचे मूळ लेखन २०२० पासून मोकळे. आणि जुन्या गॉथिक टायपातली पुस्तके शब्दाने शोधताना एक युक्ती : त्या टायपातला लांब 'एस' यंत्र 'एफ' वाचते. 'घर' या अर्थाचा 'हुसेत' शब्द 'हुफेत' म्हणून साठवलेला असतो. दोन्ही रूपांनी शोध घ्या.

आवृत्ती, छपाई, खंड

'उतगावे' म्हणजे आवृत्ती, 'ओपलाग' म्हणजे छपाई. एकोणिसाव्या शतकातले प्रकाशक हे शब्द सैलपणे वापरत. 'एत दुक्केयेम'ची दुसरी आणि तिसरी आवृत्ती १८८० च्या पहिल्या तीन महिन्यांतच निघाली. शब्द छापला तसा २५० मध्ये उतरवा, पण वेगळी नोंद करायची की नाही हे मजकूर, पानांची संख्या आणि जुळणी पाहून ठरवा.

खंडांचा घोळ आजच्या पुस्तकांतही होतो. फोस्सेची 'सेप्टोलोगिएन' सात भागांची आहे, पण २०१९ ते २०२१ या काळात ती तीन पुस्तकांत आली : भाग १-२, ३-५, ६-७. सात नोंदी करणारे आणि एकच नोंद करणारे, दोघेही चुकतात. पुस्तके तीन, कृती एक. दोन्ही पातळ्या जोडा.

क्रम आणि अक्षरे

नॉर्वेजियन वर्णमालेच्या शेवटी तीन अक्षरे येतात : जोडलेला 'एई', तिरपी रेघ मारलेला 'ओ' आणि डोक्यावर वर्तुळ असलेला 'ए', याच क्रमाने. जुन्या नावांतला दुहेरी 'ए' हा वर्तुळाच्या 'ए'सारखाच धरतात, म्हणून ज्याचे आडनाव दुहेरी 'ए'ने सुरू होते तो ईवार ओसेन यादीच्या शेवटी जातो. इंग्रजी सेटिंगची स्प्रेडशीट त्याला अगदी वर आणून बसवते. नॉर्वेजियन सेटिंग केले तर उलट 'आरोन'सारखी दुहेरी 'ए'ची बाहेरची नावेही शेवटी ढकलली जातात. उपाय एकच : क्रमासाठी वेगळा रकाना करा आणि तो हाताने तपासा.

वर्तुळाचा 'ए' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा 'ए' अधिक वर्तुळ. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक दोन लेखक मोजतो. सगळा डेटा आधी एनएफसी, म्हणजे एकसंध अक्षरांच्या, रूपात आणा. चिन्हे काढून टाकणारी आज्ञा वर्तुळ काढते, पण रेघेचा 'ओ' तसाच ठेवते, कारण तो युनिकोडमध्ये फुटत नाही. ब्यॉर्नसन हा नॉर्वेजियन लेखक परदेशी सूच्यांत रेघेच्या 'ओ'ने, साध्या 'ओ'ने, 'ओई'ने आणि दोन टिंबांच्या 'ओ'ने असा चार तऱ्हांनी सापडतो. जुळवणी करताना चारही धरा.

आयएसबीएन

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. त्यात नॉर्वेचा गट क्रमांक ८२. जुना दहा अंकी क्रमांक तेरा अंकी करताना पुढे नुसते ९७८ जोडून चालत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो. नमुन्यादाखल ८२-०३-१२३४५-७ हा क्रमांक ९७८-८२-०३-१२३४५-० होतो. शेवटी ७ तसाच ठेवलात तर शोध कोराच येईल. आणि ८२ दिसला म्हणजे नॉर्वेजियन साहित्य, असे नव्हे. परभाषेतून नॉर्वेजियनमध्ये आलेली पुस्तकेही त्याच गटात असतात.

भाषांतरे, आणि मराठीचा धागा

मराठीत इब्सेन बहुधा इंग्रजीतून आला. अशी नोंद 'नॉर्वेजियनमधून भाषांतर' म्हणून करू नका. ०४१ मध्ये 'ए' उपफील्डला मराठी, 'के'ला मधली भाषा इंग्रजी, 'एच'ला मूळ नॉर्वेजियन, अशी तिन्ही लिहा. मधली भाषा पुस्तकात सांगितलेली नसेल तर प्रस्तावना वाचा, पात्रांच्या नावांची रूपे पाहा. तरीही ठरत नसेल तर 'के' रिकामा ठेवा. रूपांतर आणि प्रेरणा हे आणखी वेगळे. मो. ग. रांगणेकरांचे 'कुलवधू' (१९४२) 'अ डॉल्स हाउस'मधल्या नोराच्या गोष्टीशी जोडले जाते, पण ते इब्सेनचे भाषांतर नव्हे. त्याची मुख्य नोंद रांगणेकरांच्या नावावरच हवी, आणि इब्सेनशी असलेले नाते ७०० मध्ये, नात्याचा प्रकार शब्दांत लिहून.